जुनी वॅगन-आर, सँट्रो, अल्टो पावसात नुसती ‘टिक’ करते: नवी बॅटरी घेण्याआधी अर्थिंग तपासा

तक्रार साधारण अशी असते. रात्रभर पाऊस पडलेला. सकाळी सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) मारला की बॉनेटखालून एकच ‘टिक’ येतो, डॅशबोर्डवरचे दिवे मंद होतात आणि इंजिन जागचं हलत नाही. चार वेळा किल्ली फिरवल्यावर कधीतरी कण्हत-कुथत गाडी सुरू होते. तीच गाडी दुपारी म्हापशाच्या बाजारातून निघताना मात्र पहिल्या सेल्फला. गॅरेजमध्ये दाखवली की बॅटरी उतरली असं निदान होतं, नवी बॅटरी बसते, महिना-दीड महिना बरा जातो आणि पुन्हा ‘टिक’. पुढच्या खेपेला सेल्फ उघडला जातो, त्याच्या पुढच्या खेपेला अल्टरनेटर (चालत्या गाडीत बॅटरी चार्ज करणारा).

गाडी दहा-बारा वर्षांहून जुनी असेल आणि गोव्यात, त्यातही कळंगुट, मिरामार, वास्को अशा खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात उभी राहत असेल, तर सगळ्यात आधी संशय घ्यावा तो बॅटरीच्या निगेटिव्हकडून इंजिनला आणि बॉडीला जाणाऱ्या केबलींवर, म्हणजेच अर्थिंगवर. बॅटरी साडेतीन-चार हजारांची वस्तू. केबल बनवून घ्यायला काही शे रुपये लागतात. तरीही बॅटरी आधी बदलली जाते, कारण ती बदलायला पाच मिनिटं पुरतात आणि केबल वरून धडधाकट दिसते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. गाडी साचलेल्या पाण्यातून नेताना बंद पडली असेल आणि त्यानंतर सेल्फ मारल्यावर एक दणका देऊन इंजिन अडत असेल, तर खालचं काहीही करू नका आणि पुन्हा सेल्फही मारू नका. एअर फिल्टरमधून सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून न्या, सगळे प्लग काढून मगच इंजिन फिरवायचं.

केबल वरून चांगली, आतून संपलेली

एक लिटरच्या पेट्रोल इंजिनाचा सेल्फ फिरताना साधारण १०० ते १५० अँपिअर करंट ओढतो. हा सगळा करंट पॉझिटिव्हच्या जाड केबलीने जातो आणि इंजिनच्या धातूतून, अर्थिंगच्या केबलीने निगेटिव्हला परत येतो. परतीच्या वाटेवर एखाद्या सांध्यात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा तयार झाला, तरी १२० अँपिअरला तिथे १.२ व्होल्ट खर्ची पडतात. सेल्फला तेवढे व्होल्ट कमी मिळतात, आणि त्या सांध्यात शंभर-दीडशे वॉटची उष्णता निर्माण होते. म्हणून पाच-सहा सेकंद सेल्फ मारल्यावर केबलीचं टोक हाताला गरम लागलं, तर तो जवळजवळ कबुलीजबाब समजा.

मल्टिमीटरच्या बझरवर केबल तपासून ‘ओके’ म्हणणारे इथेच फसतात. बझर काही मिलीअँपिअरच सोडतो. शंभर तारांपैकी तीन शिल्लक असल्या तरी तो वाजतो. हेडलाइटचंही तसंच: त्या जेमतेम दहा अँपिअर घेतात, ०.०१ ओहमवर त्यांचा फक्त ०.१ व्होल्ट जातो. ‘लाइट फुल आहे म्हणजे अर्थिंग बरोबर’ हा निष्कर्ष म्हणून कामाचा नाही. केबल तपासायची ती सेल्फ फिरत असतानाच.

खारा वारा केबलीच्या रबरातून आत शिरत नाही. तो थिंबलपाशी (केबलीच्या टोकाला दाबून बसवलेली भोकाची धातूची पट्टी), जिथे रबर संपून तांबं उघडं पडतं, तिथून शिरतो आणि तारांच्या मधल्या फटींतून वर चढत जातो. पावसाळ्याचे चार महिने तो ओलावा सुकतच नाही. थिंबलपासून बोटभर अंतरावर रबर कापून बघितलं तर निरोगी तांबं लालसर चकाकतं. खराब झालेलं काळं किंवा हिरवट असतं आणि नखाने भुगा पडतो. जाळीसारखी विणलेली चपटी पट्टी असेल तर ती आणखी लवकर जाते, कारण तिला रबरच नसतं. सांतइनेज किंवा ताळगावच्या इमारतीखाली उभी राहणारी गाडी आणि समुद्रापासून लांब वाळपईच्या अंगणात उभी राहणारी गाडी यांच्या केबलींत हा फरक डोळ्यांना दिसतो. रायबंदर–चोडण किंवा राय–शिरोडा अशा फेरीबोटीने रोज जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की भरतीच्या वेळी रॅम्पवर चाकांखाली येणारं पाणी खारं असतं आणि ते उडून थेट गिअरबॉक्सवरच्या अर्थिंगच्या बोल्टवर बसतं.

दुपारी गाडी का चालते? इंजिन गरम असताना ते हलकं फिरतं, बॅटरी नुकतीच चार्ज झालेली असते आणि बॉनेटच्या उष्णतेने सांधाही थोडा सुकलेला असतो. सकाळी या तिन्ही गोष्टी उलट असतात. थंडीने बॅटरी बसते हे स्पष्टीकरण उत्तरेकडच्या हिवाळ्यात ठीक आहे; आपल्याकडे बॅटरीला मारतो तो मे महिन्यातला उन्हाळा. उकाड्याने पाणी उडतं, प्लेटी झिजतात, आणि बिल जून महिन्यात येतं.

मीटर नसताना करायची परीक्षा

चांगल्या जाडीची जंपर केबल हवी. फुटपाथवर मिळणारी, जाड रबरात बारीक ॲल्युमिनियम असलेली नको. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. फक्त काळी केबल घ्या. एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा इंजिनवरच्या उघड्या धातूला: अल्टरनेटरचा ब्रॅकेट किंवा इंजिन उचलायचा हुक. पंखा आणि बेल्टपासून केबल लांब ठेवा. आता सेल्फ मारा. ‘टिक’ करणारी गाडी एका झटक्यात सुरू झाली, तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही निर्दोष; इंजिनची अर्थिंग गेलेली आहे. काही फरक पडला नाही तर पुढे वाचा.

आणखी काही खुणा अशा की ज्या बघून जाणता मेस्त्री मीटर काढायच्या आधीच अर्थिंगकडे वळतो. हेडलाइट लावली की तापमानाचा काटा उगाच वर सरकतो. इंडिकेटर दिला की दुसरीकडचा बारीक दिवा त्याच तालात लुकलुकतो. आणि सगळ्यात हमखास खूण: क्लचची किंवा अॅक्सिलरेटरची केबल वारंवार जड होते, तुटते. इंजिनची अर्थिंग तुटली की सेल्फचा करंट मिळेल त्या वाटेने बॉडीकडे जातो, आणि इंजिनला बॉडीशी जोडणाऱ्या या बारीक लोखंडी केबलीच त्याला सापडतात. त्या आतून तापतात, प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं. वर्षात दुसऱ्यांदा क्लच केबल बदलायची वेळ आली असेल तर तिसरी घेण्याआधी अर्थिंग बघाच.

मीटर लावून: कुठे किती व्होल्ट

तीन-चारशे रुपयांचा साधा डिजिटल मीटर पुरतो. डीसी २० व्होल्टवर ठेवा. सेल्फ मारायला दुसरा माणूस हवा. चाचणीच्या वेळी गाडी सुरू होऊ नये म्हणून फ्यूएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून ठेवा. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ नको, मध्ये मिनिटभर विश्रांती.

पहिलं माप गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन खुंट्यांवर (टर्मिनलांवर). १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्जरवर लावा. रिकाम्या बॅटरीवर पुढची मापं घेण्यात अर्थ नाही. भरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना हा आकडा ९.६ च्या वर राहायला हवा. खाली गेला तर बॅटरीचं वय झालंय किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट ओढतोय. आणि नीट लक्ष द्या: सेल्फ मारताना आकडा ११.८ किंवा १२ वरच अडून राहिला आणि इंजिन फिरलं नाही, तर बॅटरीकडून करंट निघालाच नाही. वाटेत कुठेतरी अडलाय. अशा वेळी नवी बॅटरी विकत घेणं म्हणजे पैसे मांडवी नदीत टाकणं.

आता अर्थिंगचं खरं माप. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर; खुंटीवर म्हणजे शिशावर, तिच्यावर आवळलेल्या केबलीच्या क्लँपवर नव्हे. लाल प्रोब इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. ०.५ च्या वर गेलं तर केबल बदला. एक-दीड व्होल्ट दिसत असतील तर वर सांगितलेलं सगळं तुमच्या गाडीत घडतंय. मग टप्प्याटप्प्याने सरका: खुंटी ते क्लँप (इथे जवळजवळ शून्य हवं), क्लँप ते गिअरबॉक्सवरचं थिंबल, थिंबल ते गिअरबॉक्सचा धातू. आकडा ज्या टप्प्यावर उडी घेतो तिथे रोग. बॉडीसाठी तसंच: निगेटिव्ह खुंटी ते बॉडीचा उघडा बोल्ट, पण हे माप हेडलाइट, ब्लोअर, वायपर चालू ठेवून घ्या. ०.१ च्या आसपास ठीक.

पॉझिटिव्ह बाजूला, खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत, सेल्फ मारताना ०.५ व्होल्टपर्यंत चालतं.

केबल बदलायची ती अशी

बहुतेक छोट्या गाड्यांत निगेटिव्ह क्लँपमधून दोन फाटे निघतात: जाड फाटा गिअरबॉक्सवर, बारीक फाटा शेजारच्या बॉडीवर. काही गाड्यांत इंजिन ते बॉडी अशी आणखी एक पट्टी असते. तिन्ही एकाच वेळी बदला. एक जुनी ठेवून दोन नव्या केल्या की सहा महिन्यांत पुन्हा बॉनेट उघडावं लागतं.

जाड फाट्याला १६ चौरस मिमी, बारीक तारांची लवचिक तांब्याची केबल. २५ मिळाली तर उत्तम. कलई केलेल्या तारांची मिळाली तर समुद्राजवळच्या गाडीला तीच घ्या. बॉडीच्या फाट्याला ६ ते १० चौरस मिमी. लांबी जुनीपेक्षा दोन-तीन इंच जास्त, कारण इंजिन फाउंडेशनवर हलतं आणि ताणलेली केबल थिंबलपाशी तुटते. थिंबल तांब्याची, कलईची, बोल्टच्या मापाच्या भोकाची. ती हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्यायची. मडगाव, फोंडा, म्हापसा इथे ऑटो इलेक्ट्रिशियनकडे किंवा केबल-थिंबलच्या दुकानात हे काम होतं. हातोड्याने चेपलेली थिंबल नको. वरून आतल्या बाजूला गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. गोंद नसलेली नळी नुसती शोभेची, खारी हवा तिच्या खालून जाते.

उघडताना दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलं आणि पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला टेकला तर ठिणगीने पाना चिकटतो. खुंट्यांवरची पांढरी-हिरवी भुकटी कपभर गरम पाण्यात मोठा चमचाभर खायचा सोडा घालून धुवा. फेस थांबला की साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. झाकणांच्या भोकांतून सोड्याचं पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका.

खरी मेहनत बोल्टच्या जागी आहे. गिअरबॉक्सवर आणि बॉडीवर थिंबल जिथे बसते ती जागा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा. बॉडीवरचा रंग काढावा लागतो. त्याची हळहळ नको, रंगावरून करंट जात नाही. बोल्टही गंजलेला असेल तर नवा घ्या. दातेरी वॉशर थिंबल आणि धातूच्या मध्ये. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीसचा जाड थर. बॅटरीचा लोखंडी ट्रे काढलाच आहे तर त्याच्या खालीही बघा. अॅसिडने आणि मिठाने तो इतका पातळ झालेला असतो की बॅटरी डगमगते, आणि डगमगत्या बॅटरीचे क्लँप कधीच घट्ट राहत नाहीत.

छोट्या ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीची खुंटी बारीक असते. त्यावर जाड खुंटीचा क्लँप पत्र्याचा तुकडा घालून बसवलेला दिसला तर तो काढून टाका आणि बारीक खुंटीचा पितळी क्लँप घ्या. हा जुगाड बऱ्याच जुन्या गाड्यांत सापडतो.

बॅटरी काढल्यामुळे ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) स्मृती पुसली जाते. सुरू केल्यावर एसी, लाइट बंद ठेवून दहा मिनिटं आयडलवर चालू द्या. पहिल्या दिवशी आयडल थोडं खालीवर झालं तर घाबरू नका.

अर्थिंग बरोबर, तरी ‘टिक’

मग किल्लीच्या स्विचकडे वळा. जुन्या स्विचचे संपर्क जळालेले असतात आणि सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडून देणाऱ्या विद्युत स्विचच्या) बारीक वायरीला पुरते व्होल्ट पोचत नाहीत. सेल्फ मारताना त्या वायरीवर माप घ्या: बॅटरीच्या त्या क्षणीच्या आकड्यापेक्षा ते एका व्होल्टहून जास्त फरकाने कमी असेल तर स्विच किंवा वायर खराब. अख्खं स्टीअरिंग लॉक बदलायची गरज नाही. चार पिनांचा ४० अँपिअरचा रिले लावा: किल्लीकडून येणारी वायर ८६ नंबरच्या पिनला, ८५ अर्थला, ३० ला बॅटरी पॉझिटिव्हवरून ३० अँपिअरच्या फ्यूजमधून, ८७ सोलेनॉइडला. सोलेनॉइडला पुरते व्होल्ट मिळूनही नुसती ‘टिक’ येत असेल, तेव्हाच सेल्फ उतरवा. पान्याच्या दांड्याने सेल्फवर टकटक केल्यावर फिरला तर कार्बन ब्रश संपलेत. ही युक्ती घरी पोचण्यापुरती.

बॅटरी खरोखरच उतरत असेल तर

सकाळचं माप रोज १२.२ च्या आसपास येतंय, म्हणजे एकतर भरत नाही किंवा रात्री गळते.

भरण्याचं माप: गाडी चालू, बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट. मग हेडलाइट, वायपर, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून, इंजिन २००० फेऱ्यांवर: १३.५ च्या वर हवं. पावसात पर्वरीच्या ट्रॅफिकच्या रांगेत उभी असलेली गाडी नेमकं हे सगळं एकत्र चालवते: हेडलाइट दहा, ब्लोअर दहा-बारा, वायपर चार-पाच, रेडिएटरचा पंखा आठ-दहा अँपिअर. आयडलवर जुना अल्टरनेटर एवढं देऊ शकत नाही, उरलेलं बॅटरीतून जातं. म्हापसा ते पणजी जेमतेम तेरा किलोमीटर. त्यात बॅटरी भरण्याऐवजी थोडी रिकामी होऊन घरी येते. आठवड्यातून एकदा तास-दीड तास सलग गाडी चालवा, नाहीतर महिन्यातून एक रात्र चार्जर लावा. बेल्ट ओला झाल्यावर किंचाळत असेल तर तो घसरतोय. अंगठ्याने दाबल्यावर आठ-दहा मिमी दबला पाहिजे. बेल्ट तपासताना अल्टरनेटरच्या जाळीत साचलेला लाल चिखलही ब्रशने काढा.

गळतीचं माप: गाडी बंद, दारं लावलेली, अर्धा तास थांबा. मीटर १० अँपिअरवर, सोडवलेला निगेटिव्ह क्लँप आणि खुंटी यांच्या मध्ये. ५० मिलीअँपिअरपर्यंत ठीक. ३०० असेल तर दिवसाला सात अँपिअर-अवर गेले, म्हणजे ३५ ची बॅटरी तीन दिवसांत निम्म्याच्या खाली. मीटर जोडलेला असताना दार उघडू नका आणि सेल्फ तर मुळीच मारू नका. एकेक फ्यूज काढत जा, आकडा पडला की सर्किट सापडलं. गुन्हेगार बहुधा बाहेरून बसवलेला स्टिरिओ, स्वस्त सेंट्रल लॉक किंवा गंजून अडकलेला दाराचा स्विच असतो. सगळे फ्यूज काढूनही गळती तशीच असेल तर अल्टरनेटरची जाड वायर सोडवून बघा. डायोड गळत असतील तर आकडा तिथे पडतो.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाणी प्लेटींच्या वर दहा-पंधरा मिमी हवं, डिस्टिल्डच. विहिरीचं नको, आणि एसीच्या नळीतून ठिबकणारंही नको. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरलेला असतो.

सेल्फ जोरात फिरतो पण गाडी पकडत नाही, ही वेगळी तक्रार. त्यात किल्लीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर (किल्ली ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा), दुसरी किल्ली वापरून बघा. किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंदांची घूं ऐकू आली नाही तर पंप, त्याचा रिले किंवा फ्यूज. दोन्ही ठीक असतील आणि प्लग वायरींची गाडी असेल तर अंधारात बॉनेट उघडून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा: वायरींवर निळ्या ठिणग्या दिसल्या तर अख्खा सेट बदला. वायरींवर दातांच्या खुणा असतील तर एअर फिल्टरचा डबाही उघडून बघा. पावसात शेतातले उंदीर तिथेच घर करतात.